साबण-वनस्पतींच्या बियांचा संच: बिया चांगल्या, पुस्तिका मात्र धोक्याची

फेस देणाऱ्या वनस्पती घरीच लावता याव्यात यासाठी विकला जाणारा बियांचा एक संच मी सुमारे दीड वर्षापूर्वी मागवला होता. त्यात रिठ्याच्या 8 बिया, शिकेकाईच्या 10 बिया, सोपवर्ट या मुळांतून फेस देणाऱ्या फुलझाडाच्या बारीक बियांची एक पुडी आणि या वनस्पती ओळखण्यासाठी एक सचित्र पुस्तिका होती. आता रोपे बऱ्यापैकी वाढली असून एका वनस्पतीच्या मुळांनी कपडेही धुऊन झाले आहेत, त्यामुळे संचाविषयी अनुभवाने लिहिता येईल.

रिठ्याची बी काळी, गुळगुळीत आणि इतकी टणक असते की कवच पॉलिश पेपरने थोडे घासून ती दिवसभर कोमट पाण्यात भिजवल्याखेरीज पाणी आत शिरत नाही. असे केल्यावर 8 पैकी 5 बिया रुजल्या. शेवटच्या बीने मात्र दोन महिने वाट पाहायला लावली. शिकेकाईच्या तीनच बिया उगवल्या आणि दोन बियांना तर बुरशी लागलेली होती. खोक्यावर ‘एका हंगामात स्वतःचा साबण’ असे छापले आहे. रिठ्याच्या झाडाला फळ धरायला कित्येक वर्षे लागतात आणि शिकेकाई ही आधाराने चढत जाणारी मोठी काटेरी वेल आहे, हे लक्षात घेता या वाक्याला अतिशयोक्ती म्हणणेही सौम्य ठरेल.

पैसे वसूल झाले ते सोपवर्टमुळे. ओलसर वाळूत मिसळलेल्या बिया चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवून मग पेरल्यावर बहुतेक सगळ्या उगवल्या. ही बहुवर्षायू वनस्पती जमिनीखालच्या खोडांनी झपाट्याने पसरते, म्हणून ती मोकळ्या वाफ्यात न लावता खोल कुंडीत लावलेली बरी. दुसऱ्या वर्षी कुंडी रिकामी करून मूठभर मुळे चिरली, पाण्यात वीस मिनिटे मंद उकळून गाळली आणि त्या पाण्यात एक लोकरी शाल धुतली. शाल स्वच्छ झाली, मऊही राहिली. तेलाचा डाग मात्र जसाच्या तसा होता. मुळांतील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे स्निग्ध पदार्थाला धरते, त्यामुळे मळ सुटतो, पण त्याची ताकद बेताचीच असते. जड पाण्यात साबणाची चिकट साय जमते, तशी येथे जमत नाही, हा एक फायदा. तयार केलेले पाणी तीन-चार दिवसांत आंबते, ही गोष्ट पुस्तिकेत असायला हवी होती.

खरी तक्रार पुस्तिकेविषयीच आहे. माझ्या रिठ्याच्या रोपांची पाने तिच्यातील छायाचित्राशी जुळेनात, तेव्हा नीट पाहिल्यावर कळले की ‘रिठा’ म्हणून छापलेले चित्र बकाण्या निंबाचे आहे. दोन्ही झाडांना पिवळसर गोल फळांचे घोस लागतात, त्यामुळे गोंधळ समजण्याजोगा असला तरी क्षम्य नाही, कारण बकाण्याचे फळ खाण्यात आले तर विषबाधा होते. ओळखण्याची खूण पानातच आहे. रिठ्याचे पान एकदाच विभागलेले असून मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या पर्णिकांच्या (छोट्या पानांच्या) कडा अखंड असतात; बकाण्याचे पान दोन-तीनदा विभागलेले आणि पर्णिका दातेरी असतात. फळ फोडल्यास रिठ्याच्या चिकट, वाळल्यावर अर्धपारदर्शक होणाऱ्या गरात काळी गोल बी सापडते, तर बकाण्यात उभ्या कंगोऱ्यांची कठीण आठळी निघते.

याहून वाईट म्हणजे ‘पाने पाण्यात चोळावीत, फेस आला तर ती साबण-वनस्पती समजावी’ असा सल्ला तेथे ठळक अक्षरांत दिला आहे. सॅपोनिन असंख्य वनस्पतींत आढळते आणि त्यांपैकी काही विषारीही असतात. फेसावरून फार तर सॅपोनिनचा अंदाज येतो, वनस्पतीची ओळख पटत नाही. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असल्यामुळे धुण्याचे पाणी तळ्यात सोडू नये, याचाही उल्लेख नाही. सोपवर्टचे वर्णन त्या मानाने बरे आहे, पण फुलात त्याच्यासारख्या दिसणाऱ्या फ्लॉक्स या शोभेच्या फुलझाडाशी तुलना हवी होती. सोपवर्टच्या पाच पाकळ्या सुट्या असतात, खोडाची पेरे फुगीर असतात आणि पानावर तीन ठळक समांतर शिरा दिसतात. फ्लॉक्सच्या पाकळ्या तळाशी जुळून नळी झालेली असते.

रोपे कशी वाढवावीत हे ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही, मात्र शक्य असल्यास सोपवर्टची पुडी सुटी मागवावी. बुरशी लागलेल्या शिकेकाईच्या बिया विक्रेत्याने विनातक्रार बदलून दिल्या. चुकीच्या छायाचित्राबद्दल दोनदा कळवले. बदललेल्या बियांबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्याच पानावर तेच चित्र होते.