मसाल्याचा अर्क काढायचा तर सुपरक्रिटिकल सीओटू, हेक्झेन की वाफ?

वाशीच्या मसाला मार्केटमधून सुंठ, मिरी, लवंग उचलायची आणि रबाळे किंवा महापेच्या गाळ्यात अर्क काढून विकायचा, असं ठरवणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: वाफेची भट्टी, हेक्झेनसारखं सॉल्व्हंट (अर्क विरघळवून घेणारा द्रव) आणि सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड (सीओटू). यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी कोणता माल विकायचा ते पक्कं करा. एकाच पोत्यातल्या सुंठेतून या तीन पद्धतींनी तीन निराळे अर्क निघतात आणि त्यांचे गिऱ्हाईकही निराळे.

वाफ फक्त उडणारं तेल काढते. सुंठेचा वास हाती येतो, पण तिखटपणा देणारं जिंजरॉल भांड्यातच राहतं. लवंग किंवा वेलचीचं तेलच विकायचं असेल, तर भट्टी, कंडेन्सर आणि परवान्याचा बॉयलर एवढ्यावर भागतं. त्यासाठी उच्च दाबाच्या प्लांटमध्ये पैसे अडकवण्यात अर्थ नाही.

हेक्झेन तेल आणि तिखट दोन्ही ओढतं आणि त्याला साध्या दाबाची भांडी चालतात. मोठ्या टनेजला आजही त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. मात्र त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, उणे २२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे ते ‘अ’ वर्गाचं पेट्रोलियम ठरतं. साठवणीला पेसोचा (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची संस्था) परवाना, टाकीभोवती मोकळं अंतर, फ्लेमप्रूफ वायरिंग, अर्थिंग हे सगळं आलं. हवेत फक्त १.१ टक्का वाफ झाली तरी ती पेट घेऊ शकते, आणि हवेपेक्षा तिप्पट जड असल्याने ती गटारातून शेजारच्या गाळ्यापर्यंत पसरते. भिंतीला भिंत लागून असलेल्या गाळ्यात हा उद्योग करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एन-हेक्झेन हातापायांच्या नसांनाही इजा करतं, त्यामुळे चोथा उपसणाऱ्या कामगाराची काळजी वेगळी घ्यावी लागते. अमेरिकेत मसाल्याच्या ओलिओरेझिनमध्ये (तेल आणि तिखट दोन्ही असलेला घट्ट अर्क) हेक्झेनचा अंश २५ पीपीएमपेक्षा (दहा लाखात २५ भाग) जास्त चालत नाही. तो खाली आणण्यासाठी व्हॅक्यूम वाढवला की वासाचा वरचा, नाजूक भाग त्याच्याबरोबर उडतो. सेंद्रिय म्हणून विकायचं असेल, तर हेक्झेनचा रस्ता बंदच आहे.

सीओटू ३१.१ अंश आणि ७३.८ बारच्या (१ बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब) वर गेला की सुपरक्रिटिकल होतो, म्हणजे वायूसारखा पावडरीत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. किती विरघळवायचं हे मुख्यतः घनतेवर ठरतं, आणि घनता आपल्या हातात असते. ४० अंशांवर १०० बारला ती घनमीटरला साधारण ६३० किलो, तर ३०० बारला ९१० किलो. दाब १०० बारच ठेवून तापमान ६० केलं की तीच २९० वर घसरते. म्हणून ९० ते १२० बारवर हलकं सुगंधी तेल आणि २५० ते ३०० बारवर पूर्ण ओलिओरेझिन मिळतं. दोन सेपरेटर (दाब उतरवून अर्क वेगळा करणारी भांडी) लागोपाठ लावले तर रेझिन आणि तेल वेगळं उतरवता येतं. मालात सॉल्व्हंटचा अंशही राहत नाही.

पण करक्युमिनसाठी, म्हणजे हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्यासाठी, हा प्लांट घेऊ नका. ३०० बारलाही हळदीचं तेल येतं आणि रंग बहुतांशी चोथ्यातच राहतो. त्याला इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन किंवा इथेनॉलच लागतं. गिऱ्हाईक हळदीचं असेल, तर सीओटूचा विचार इथेच सोडावा.

आता भांड्याकडे या, कारण खर्च आणि धोका दोन्ही तिथेच आहेत. आतला व्यास ३०० मिमी आणि लांबी सुमारे १.४ मीटर म्हणजे १०० लिटर. ३०० बारला नुसत्या झाकणावर सुमारे २१६ टनांचा जोर येतो. ३५० बारच्या डिझाइनला साध्या सूत्राने एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील)ची भिंत ४५ मिमीच्या आसपास निघते. ओला सीओटू आम्लधर्मी असतो, म्हणून आतून स्टेनलेसच हवं. एवढ्या भांड्यात दळलेली सुंठ साधारण ४० किलो मावते. पाच टक्के उतारा धरला तर एका घाण्यातून २ किलो ओलिओरेझिन. एक किलो मालाला २० ते ३० किलो सीओटू फिरवावा लागतो, म्हणजे चार तासांच्या घाण्याला तासाला २०० ते ३०० किलोचा पंप. वायू परत वापरला जातो, तरी ५० बारवर फिरवणं थांबवून झाकण उघडताना मोकळ्या जागेतला ८ किलोच्या आसपास वायू उडतोच. हिशेबात हा धरा. विक्रेते बहुधा धरत नाहीत.

ठाणे-बेलापूर पट्ट्याची स्वतःची एक अडचण आहे. मे महिन्यात पत्र्याखालचा सिलिंडर ३५ अंशांच्या वर जातो, तेव्हा त्यात द्रव उरतच नाही. पंपाला वायू मिळतो, तो खडखडतो आणि दाब चढत नाही. पंपाआधी सीओटू ० ते ५ अंशांवर आणणारा चिलर हवाच, आणि तो ४० अंशांच्या उन्हाळ्यासाठी मोजलेला हवा. सतत चालवायचं असेल, तर उणे २० अंश आणि २० बारची टाकी बरी. मात्र तिची पाण्याच्या मापाने क्षमता १००० लिटरपेक्षा जास्त असली की तिथेही पेसो येतं.

पावसाळ्यात पोत्यातला माल ओल धरतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की पाणीही सीओटूबरोबर येतं आणि दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये गोठतं. हीटर कमी पडला तरी तेच होतं: आधी दाब डुलतो, मग प्रवाह थांबतो. माल आधी वाळवा. दळण ०.३ ते ०.८ मिमी ठेवा. मैद्यासारखं बारीक केलं तर वायू कडेने वाट काढतो आणि फिल्टर चोंदतो.

सील हा नेहमीचा दुखरा भाग. साध्या व्हायटन रबराच्या ओ-रिंगमध्ये सीओटू मुरतो, आणि दाब झपकन उतरवला की ती रिंग आतून फुटते, तिच्यावर फोड दिसतात. स्प्रिंग असलेलं पीटीएफई (टेफ्लॉन) सील घ्या आणि दाब सावकाश उतरवा. दोन बंद व्हॉल्व्हमध्ये द्रव सीओटू अडकून तापला तर पाइप फाटेल इतका दाब चढतो, म्हणून अशा प्रत्येक तुकड्याला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. त्याच्या पुढे लांब, अरुंद पाइप जोडू नका. ५.२ बारच्या खाली कोरडा बर्फ होतो आणि तोंड बंद होतं. झाकणाला असा इंटरलॉक हवा की आत थोडाही दाब असेल तर ते उघडूच नये.

आग लागत नाही म्हणून सीओटू निर्धोक, असं कुणी सांगितलं तर मानू नका. फक्त ऑक्सिजन मीटर लावून भागत नाही. हवेत ४ टक्के सीओटू झाला, म्हणजे जिवाला धोका, तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम २०.१ वर येतो आणि १९.५ ला लावलेला अलार्म गप्प राहतो. सीओटूचाच मीटर, जमिनीपासून हातभर उंचीवर, ५००० पीपीएमला पहिला अलार्म. खड्डा किंवा तळघर असेल तर तिथे दुसरा.

आमचा कल असा: सुंठ, मिरी, वेलचीचा महाग, सेंद्रिय किंवा निर्यातीचा अर्क मागणारं गिऱ्हाईक हातात असेल, तरच सीओटू. नसेल तर वाफेपासून सुरुवात करा आणि हेक्झेनचं काम मोठ्या, मोकळ्या प्लॉटवर ज्याचा प्लांट आहे त्याच्याकडून करून घ्या. सीओटूचंही आधी जॉबवर्क करून पाहा. स्वतःचा ५० किलो माल देऊन १००, २०० आणि ३०० बारचे तीन नमुने काढून घ्या, ते गिऱ्हाइकाला हुंगायला द्या आणि त्याने पसंत केलेल्या दाबावरच भांड्याचं डिझाइन मागा. २०० बारला काम होत असेल, तर ३५० बारचं पोलाद विकत घेण्याची गरज नाही.