याकोब आणि योसेफ : दोन अखेरच्या इच्छा

बायबलमधले हे बाप-लेक. दोघेही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये वारले. याकोब 147 वर्षांचा, योसेफ 110 वर्षांचा. दोघांनीही शपथ घेववली ती एकाच गोष्टीची: मला कनानात, आपल्या पूर्वजांच्या देशात न्या.

याकोबाला मात्र थांबायचं नव्हतं. कनानातल्या मकपेलाच्या गुहेत आजोबा अब्राहाम, वडील इसहाक, बायको लेआ पुरलेले होते. तिथेच पुरा म्हणाला, आणि मुलांनी तसंच केलं. त्याआधी आशीर्वाद द्यायला योसेफाची दोन्ही मुलं जवळ घेतली. डोळे अधू झालेले, तरी हात मुद्दाम आडवे टाकले: उजवा, मोठ्या आशीर्वादाचा, धाकट्या एफ्राईमावर, डावा थोरल्या मनश्शेवर. योसेफ हात उचलू लागला, तर म्हातारा म्हणाला, ठाऊक आहे, माझ्या मुला, ठाऊक आहे. तरुणपणी आपल्या आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद घेतलेला हाच याकोब! इथं मला दरवेळी भरून येतं.

योसेफानं घाई केली नाही. देव तुमची भेट घेईल, तेव्हा माझ्या अस्थी न्या, एवढंच भावांना म्हणाला. उत्पत्तीचं पुस्तक त्याच्या मिसरातल्या शवपेटीपाशीच संपतं. पुढे इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर नेणाऱ्या मोशेनं त्या अस्थी उचलल्या, कनानातल्या शखेमात त्या पुरल्या गेल्या.

मला योसेफाचा विश्वास जास्त कठीण वाटतो. याकोबाची शपथ पुरी करायला मुलगा समोर उभा होता. योसेफाची शपथ पुरी करणारे हात अजून जन्मायचे होते.