रॉबिनचा ‘हनी’: ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी

माझ्या वडिलांनी उभा जन्म खंजिरी वाजवली. तुकडोजी महाराजांची भजनं ते म्हणत तेव्हा ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलत, आणि त्याच ठेक्यावर समोर बसलेल्या बाया डोळ्यांना पदर लावत. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मागच्या फाल्गुनात वडील गेले. मग खंजिरी खुंटीवरच राहिली. मलाही कुठलंच गाणं ऐकवेना. गझल लावली की दुसऱ्या ओळीतच छाती भरून यायची, आनंदी गाणं लागलं की राग यायचा.

अशात भाचीनं ‘हनी’ हा अल्बम पाठवला. “मामा, एकदा ऐकून तर पाहा, मंग सांगा,” एवढंच म्हणाली.

रॉबिन ही स्वीडनची गायिका, स्टॉकहोमची. तिची गाणी नाचाच्या ठेक्याची, सिंथेसायझरवर म्हणजे विजेवर चालणाऱ्या सूरयंत्रावर उभी केलेली. २०१० मध्ये तिचा ‘बॉडी टॉक’ आला आणि त्यानंतरचा एकटीचा अल्बम, म्हणजे ‘हनी’, थेट २०१८ च्या ऑक्टोबरात. मधल्या वर्षांत, २०१४ मध्ये, तिचा जुना सहकारी ख्रिश्चन फाल्क कॅन्सरनं गेला. अल्बममध्ये नऊ गाणी आहेत, सगळी मिळून ४० मिनिटांच्या आसपास.

पहिल्यांदा मी तो मोबाइलच्या स्पीकरवर लावला, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. काहीच कळलं नाही, नुसती टिंगटिंग. असा ऐकू नका. या संगीताचा अर्धा जीव बेसमध्ये, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांत असतो आणि इवल्याशा स्पीकरमधून तो बाहेरच येत नाही. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोत बसलो. ड्युटी मिहानला, म्हणजे खापरीपर्यंतचा रस्ता.

‘मिसिंग यू’ सुरू होतं सिंथेसायझरच्या लखलखत्या स्वरांनी. तोच स्वरांचा झुबका उलगडतो, फिरतो, पुन्हा उलगडतो. मग खालून ठेका येतो. गाणं आहे गेलेल्या माणसाच्या रिकाम्या जागेचं, पण ठेका त्याच्यासाठी मंदावत नाही. गड्डीगोदामला आपली मेट्रो उड्डाणपुलाच्याही वरून जाते, त्याच्या खाली रेल्वेचे रूळ. तिथे माझे डोळे वाहायला लागले आणि पाय मात्र ठेका धरून होता. वडिलांसमोरच्या त्या बाया मला त्या क्षणी कळल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी रडलो आणि कोसळलो नाही.

‘बेबी फर्गिव्ह मी’ मध्ये ती जवळजवळ कानाशी बोलते. हे गाणं संपत नाही, पुढच्या गाण्यात विरघळतं. बेस अंगात भिनल्यावर लक्षात येतं की आपण आता दुसऱ्याच गाण्यात आहोत. मला अख्ख्या अल्बममध्ये हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. मोबाइलवर गाणी उलटसुलट लावायची सवय असेल तर इथे ती सोडा, नाहीतर हा सांधाच हाती लागणार नाही. ‘हनी’ हे गाणं नावासारखंच, दाट आणि सावकाश सरकणारं. ‘बीच टू के ट्वेंटी’ मात्र मला जमलं नाही. गप्पांसारखं हलकं आहे, आधीच्या सहा-सात गाण्यांनी जे भरलं ते तिथे थोडं सांडतं.

यंत्रावरचं संगीत कोरडं असतं, असं म्हणणारे मला ऑफिसात रोज भेटतात. त्यांना मी मुंबईचे वादक चरणजित सिंग यांचं नाव सांगतो. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या ड्रम मशीनवर आणि सिंथेसायझरवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. त्यात भैरवी आहे, मालकंस आहे. तेही ऐका.

खापरी येईस्तोवर शेवटचं ‘एव्हर अगेन’ राहून जातं. ते मी स्टेशनचा जिना उतरून चालताना ऐकतो. त्यात बेस मोकळा होऊन खेळतो आणि ती म्हणते की आता पुन्हा मन मोडू द्यायचं नाही.

गेल्या रविवारी मी खंजिरी खुंटीवरून काढली. पावसानं कातडं सैल पडलं होतं, गॅसच्या आचेवर जरा शेकवलं. भाचीनं मोठ्या स्पीकरवर ‘मिसिंग यू’ लावलं. दोनदा ठेका चुकला, तिसऱ्यांदा बसला. आई आतून आली आणि काही न बोलता उंबऱ्याशी बसली.