लॉ कॉलेजचं मोफत कायदा क्लिनिक, सांगली : मावशीच्या सातबाऱ्यासाठी मारलेल्या चकरा

पहिलं सांगते, हे क्लिनिक म्हणजे दवाखाना नव्हे. मी मावशीला फोनवर म्हणलं लॉ कॉलेजच्या क्लिनिकला जाऊया, तर ती म्हणाली बरं झालं, तिथंच शुगर पण बघून घेऊ. बोर्डवर लीगल एड क्लिनिक लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात मोफत कायदेविषयक सल्ला केंद्र. ते खालचं वर आणि मोठं लिहा की राव, ज्यांच्यासाठी उघडलंय त्यांना वरचं कुठं कळतंय.

कॉलेजचं नाव टाकत नाहीये. तिथं शिकवणाऱ्या मॅडमच म्हणाल्या की वकिलाला स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, बंदी आहे त्यामुळं आमचा गाजावाजा नको, आणि खाली मी दोनचार तक्रारी पण लिहिल्यात, मग नावाशिवायच बरं. तसंही बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजला असं केंद्र चालवावंच लागतं, त्यामुळं तुमच्या जवळच्या कॉलेजात जाऊन विचारा. कुठं खरंच चालतं आणि कुठं नुसता बोर्ड आहे ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

तर झालं असं. मावशी कवठेमहांकाळकडची. काका वारून आठ वर्षं झाली, मागं मावशी आणि एक मुलगी. जमीन सासऱ्यांच्या नावावर, पावणेतीन एकर, त्यातली एकरभर द्राक्षबाग. मग सासरे पण गेले. मावशी सोसायटीत कर्जाचं विचारायला उतारा काढून घेऊन गेली तर सातबाऱ्यावर फक्त दोन दिरांची नावं. वारस नोंद करताना दिरांनी लिहून दिलं की वडिलांना आम्ही दोनच. काका जणू जन्मालाच आले नव्हते. नोटीस वगैरे मावशीला काही मिळाली नाही, आणि गावात विचारलं तर प्रत्येकजण म्हणतोय आता काय होत नाही, मंडल अधिकाऱ्याची सही झाली विषय संपला. एका एजंटनं तर वीस हजारात करून देतो म्हणून सांगितलं. काय करून देणार ते नाही सांगितलं.

मी विश्रामबागला एका सीएकडे अकाउंट्स बघते, तिथं एकजण म्हणाला वकील करायच्या आधी लॉ कॉलेजच्या पोरांकडं जाऊन ये, फुकट आहे. खरं सांगते, फुकट म्हणल्यावर माझाच विश्वास नव्हता. त्यात आमच्या गल्लीत मागं एका कॉलेजनं कायदेविषयक शिबिर घेतलं होतं, बॅनर, समई, पाहुण्यांचा सत्कार, मग पाऊण तास पुस्तकी मराठीत महिलांचे हक्क, फोटो, चहा, गेले. बायका निम्म्या पाण्याची वेळ झाली म्हणून आधीच उठल्या होत्या. मला वाटलं हे पण तसलंच असणार.

तसं नव्हतं. पण पहिल्या दिवशी थोडं तसंच वाटलं. लायब्ररीच्या शेजारी एक खोली, दोन टेबलं, एक कपाट, आणि समोर पांढऱ्या शर्टातला एक पोरगा, जतकडचा, लॉच्या तिसऱ्या वर्षाचा, आणि शेजारी मिरजेची एक मुलगी लिहून घ्यायला. पोरगा फॉर्म वाचल्यासारखा विचारायला लागला, संपूर्ण नाव, वय, उत्पन्न, जात प्रवर्ग, वादाचे स्वरूप. मावशी गप्पच झाली. उत्पन्न विचारल्यावर तर ती माझ्याकडंच बघायला लागली, तिला वाटलं आता पैसे मागणार. मागं खुर्चीवर एक मॅडम बसल्या होत्या, पेपर तपासत होत्या असं मला वाटलेलं, त्या डोकं वर न काढता म्हणाल्या, "अरे पेन ठेव खाली. आधी विचार त्यांना काय पाहिजे ते."

पोरगा लाल झाला. पेन ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा, तुमच्या मनात काय आहे?"

आणि मावशी जी सुरू झाली ती वीस मिनिटं थांबली नाही. बागेला पहिलं रोप कुणी लावलं तिथनं ते सासऱ्यांच्या दहाव्याला कोण काय बोललं तिथपर्यंत. आणि शेवटी म्हणाली, "मला कोर्ट नगं बाबा. दीर वंगाळ न्हाईत, जावा शिकवत्यात त्यास्नी. माझं आन पोरीचं नाव त्या कागदावर लागू दे, बास." मी तिच्याबरोबर दोन महिने फिरत होते, मला वाटत होतं हिला वाटणी पाहिजे. मी कधी विचारलंच नव्हतं.

नंतर मॅडमशी बोलताना कळलं की हे सगळं त्यांच्या शिकवण्यातच आहे. मुलं आधी एकमेकांवर प्रॅक्टिस करतात, एक पक्षकार होतो एक वकील, मग खऱ्या माणसासमोर बसवतात, आणि मॅडम मागं बसतात पण मधे बोलायचं शक्यतो टाळतात. पक्षकार गेला की मग पोरांची हजेरी. नुसतं पुस्तक वाचून वकील होता येतं पण माणूस समोर रडायला लागला की काय करायचं ते पुस्तकात नाही, असं त्या म्हणाल्या. तीन वर्षांच्या लॉला किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते, पाच वर्षांच्याला २०, त्यात बरीच मुलं वकिलाच्या ऑफिसात झेरॉक्स काढण्यात आणि तारखा लिहिण्यात घालवतात, इथं निदान कागद स्वतः लिहायला लागतो.

आता मुद्द्याचं, काय काय कळलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. एक, बाप हयात असताना मुलगा आधी वारला असेल तरी त्या मुलाची विधवा आणि मुलं हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गातले, म्हणजे सगळ्यात आधी वाटा मिळणारे, वारस आहेत. म्हणजे मावशी आणि तिची मुलगी दोघी, काका आधी गेले म्हणून काही अडत नाही. दोन, फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदीवर, सही झाली म्हणजे मालकी ठरली असं नसतं, ती महसुलातली नोंद आहे, आणि तिच्यावर प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, अपील करता येतं. मुदत ६० दिवसांची, ती निघून गेली असेल तर उशीर का झाला ते सांगून विलंब माफीचा अर्ज जोडायचा. तीन, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अटच नाही. हे मला माहीतच नव्हतं, मी महिन्याला पगार घेते तरी मला पण मिळू शकतो. एससी एसटी, अपंग, कोठडीतला माणूस यांनाही अट नाही. बाकीच्यांना आपल्याकडं वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. आणि महसुलातल्या केसलाही मिळतो, फक्त कोर्टातल्याच नव्हे. अर्ज विजयनगरला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडं करायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

दुसऱ्या चकरेला वंशावळ काढली आणि तो भाग मी विसरणार नाही. पोरानं वहीत आडवं पान धरून सासऱ्यांचं नाव लिहिलं, खाली तीन फाट्या, तीन मुलगे, पहिल्यापुढं मयत, त्याच्या खाली मावशी आणि मुलगी. छान रेषा वगैरे पट्टीनं. मॅडमनी लाल पेननं त्या तीन फाट्यांच्या बाजूला एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि वही परत दिली, बोलल्या काहीच नाहीत. पोरगं बघतंय, मुलगी बघतेय, मी बघतेय. शेवटी त्या मिरजेच्या मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्हाला नणंदा किती?"

दोन. दोन नणंदा, एक पलूसला एक इस्लामपूरला दिलेली. दिरांनी त्यांची पण नावं लावली नव्हती आणि आम्ही पण सगळेजण त्यांना विसरून बसलो होतो, मावशी सुद्धा. मावशी लगेच म्हणाली त्यांनी तोंडी सोडलंय की, साडीचोळी केलीय. तर मुलीनं समजावून सांगितलं की तोंडी हक्कसोड कायद्यात धरत नाहीत, रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र लागतं. मग मावशीचा चेहरा पडला, नणंदा आल्या तर आपला वाटा कमी होणार. आणि खरं सांगू, माझ्या पण मनात आलं की त्यांची नावं नकोच घालायला, कोण विचारतंय. मी तसं बोलले पण. पोरगा मॅडमकडं बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतोस, तुझ्या पक्षकार आहेत त्या, तूच सांग." त्यानं थोडा वेळ घेतला आणि म्हणाला की मावशी, दिरांनी जे तुमच्याबरोबर केलं तेच आपण तुमच्या नणंदांबरोबर केलं तर प्रांतांसमोर आपला कागद एका मिनिटात पडेल, आणि त्या दोघी आपल्या बाजूनं उभ्या राहिल्या तर दीर एकटे पडतील. हे त्याला आधीच कुणी शिकवलं होतं का तिथंच सुचलं मला माहीत नाही, पण मला ऑफिसात रोज मोठमोठी माणसं आकडे लपवताना दिसतात, त्यामुळं मी गप्प बसले.

आता तक्रारी.

तिसऱ्या चकरेला कुलूप. परीक्षा सुरू. दारावर ए-फोर कागद, परीक्षेमुळे केंद्र बंद राहील, तारीख नाही. मावशी एसटीनं दीड तास येऊन उन्हात उभी. फोन नंबर घेतला होता ना आमचा, एक मेसेज टाकायला काय झालं? तीन आठवडे बंद होतं. आधीच मुदत उलटलेली, उशिराचा एकेक दिवस कागदावर समजावून सांगायला लागतो आणि इकडं हे. कॉलेजची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग याप्रमाणे गरिबाचं भांडण थांबत नाही. किमान एक माणूस कायम बसवा.

चौथ्या चकरेला खोली उघडी पण समोर नवीन दोन मुलं. परत संपूर्ण नाव, वय. फाइल कपाटात होती पण मधला कागद, ज्यावर मावशीचं सगळं म्हणणं लिहून घेतलं होतं, तो सापडेना. तो त्या मिरजेच्या मुलीच्या वहीत होता आणि ती गावी. मावशीनं परत सगळं सांगितलं, पण पहिल्यासारखं नाही, चार वाक्यात उरकलं. माणूस एकदाच मनापासून सांगतो.

आणि खोली एकच असल्यानं शेजारच्या टेबलावरचं सगळं ऐकू येतं. एक ऊसतोडीचं जोडपं आलं होतं, मुकादम, उचल, असलं काहीतरी, मी ऐकायचं नव्हतं पण ऐकलं. म्हणजे त्यांनी आमचं पण ऐकलंच असणार. एक पडदा तरी लावा.

एक गोष्ट आधीच समजून घ्या म्हणजे नाराज होणार नाही. ही मुलं कोर्टात किंवा प्रांतांसमोर तुमच्या बाजूनं बोलू शकत नाहीत, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेल्या वकिलालाच ते करता येतं. मुलं ऐकून घेतात, कागद गोळा करतात, मसुदा लिहितात, मॅडम तो तपासतात आणि पुढं विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे, म्हणजे त्यांच्या यादीतले, वकील उभे राहतात. आमचा मसुदा मी बघितला, चार वेळा लिहिलेला, पहिल्या प्रतीत लाल शाई जास्त आणि निळी कमी. चौथी प्रत मावशीला मोठ्यानं वाचून दाखवली आणि जिथं तिला कळलं नाही तिथलं वाक्य बदललं. पॅनेलचे वकील पण म्हणाले की एवढा स्वच्छ कागद त्यांच्याकडं कमी येतो.

जाताना आधारकार्ड, मृत्यूचे दाखले, ताजा सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, आणि फेरफाराची नक्कल न्या. झेरॉक्स द्या, मूळ प्रत कुणाकडं ठेवू नका, इथं काय कुठंच. सकाळी अकराच्या आत गेलात तर नंबर लवकर लागतो.

पाचपैकी चार. एक त्या कुलपाचा कापला. पैसे खरंच एक रुपया घेतला नाही. आम्ही भडंगाचा किलोचा पुडा नेला होता तो पण परत दिला, पोरांचे डोळे पुड्यावर होते पण मॅडमची सक्त ताकीद.

अपील दाखल झालंय, नोटिसा निघाल्यात. पलूसच्या नणंदेनं स्वतःहून मावशीला फोन केला, चाळीस मिनिटं बोलत होत्या, काय ते मावशी सांगत नाही. दीर अजून बोलत नाहीत. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. ते जतचं पोरगं परीक्षा संपवून आलंय, म्हणालं मी येणार, मला बोलता येणार नाही तिथं पण फाइल घेऊन मागं बसतो. मावशी म्हणाली मग तुझा पण डबा आणते. डबा चालतो का ते मॅडमना विचारून सांगतो म्हणाला.