पोकळ टायटानियासाठी साचा कोणता: सिलिकाचा की ग्लुकोजच्या कोळशाचा?

टायटानिया (टायटॅनियम डायऑक्साइड) हा प्रकाशाच्या मदतीने सांडपाण्यातील प्रदूषके तोडणारा उत्प्रेरक. दृश्य प्रकाशात काम करणारे, नायट्रोजनचे डोपिंग केलेले (म्हणजे अल्प नायट्रोजन मुरवलेले) त्याचे पोकळ गोल बनवायचे ठरले, की साच्याचा, म्हणजे ज्या गोलावर कवच चढवून मग तो आतून काढून टाकायचा त्याचा, प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. मी दोन्ही साचे वापरले आहेत. पुढील मत त्या अनुभवावर बेतलेले आहे, काटेकोर मोजमापांवर नव्हे.

सिलिकाचा मोठेपणा आधी मान्य करायला हवा. स्टोबर पद्धतीने (अल्कोहोलमध्ये अमोनियाच्या साहाय्याने) केलेले तिचे गोल विलक्षण एकसारखे येतात आणि भाजताना आतला साचा शाबूत राहत असल्याने कवच सहसा खचत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) १८० अंशांच्या आसपास ग्लुकोजपासून मिळणारे कोळशाचे गोल त्या मानाने लहानमोठे निघतात.

अडचण सिलिका काढताना सुरू होते. सिलिका विरघळवणारे पण अत्यंत घातक हायड्रोफ्लोरिक आम्ल आपल्याकडील साध्या प्रयोगशाळेत न आणलेलेच बरे. मग उरतो गरम कॉस्टिक सोडा, जो तीव्र झाल्यास टायटानियाचेच टायटेनेट (सोडियमयुक्त वेगळे संयुग) करून टाकतो. त्यानंतर सोडियम पूर्ण निघून जाईपर्यंत, कारण ते उरल्यास उत्प्रेरकाची क्रियाशीलता घटते, सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून भुकटी वेगळी करत) पुन्हा पुन्हा शुद्ध पाण्याने धुवावे लागते. हे पाणी काचेच्या ऊर्ध्वपातन संचातून येते आणि त्याच्या प्रत्येक लिटरमागे कंडेन्सर थंड ठेवण्यासाठी नळाचे कितीतरी लिटर पाणी मोरीत जाते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात, महाविद्यालयाच्या टाकीत टँकर रिकामा होत असताना, ही धार पाहत बसणे मला जमले नाही.

कोळशाच्या गोलांनाही धुणे चुकत नाही, परंतु ते थोडक्यात आटोपते. साचा पुढे मफल भट्टीत (विजेच्या बंद भट्टीत) ५०० अंशांच्या सुमारास हवेत जळून जातो. मात्र तापमान अगदी सावकाश चढवावे, अन्यथा कवचे फुटतात. मध्येच वीज गेली तर भुकटी करडी राहते आणि तो उरलेला कोळसा दृश्य प्रकाश शोषत असल्याने डोपिंग साधल्याचा भास होतो, म्हणून ती पुन्हा भाजून पांढरी करून घ्यावी. नायट्रोजन पुरवणारा युरिया त्यानंतरच मिसळून झाकलेल्या मुशीत तापवावा. आधी घातलेला नायट्रोजन हवेतल्या दीर्घ भाजणीत बराचसा निघून जातो. फिकट पिवळा रंग आला, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

कवचाची जाडी हाच आपल्या प्रबंधाचा विषय असेल, तर कदाचित सिलिकाच योग्य ठरेल. केवळ सांडपाण्यातील रंग किंवा फिनॉल यांचे विघटन पाहायचे असेल, तर मी कोळशाकडे झुकेन. साचा कोणताही घ्या, चाचणी एकट्या मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर सोडू नये; तो रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे तो विटला तरी श्रेय डोपिंगचे असेलच असे नाही, तेव्हा रंगहीन फिनॉलची जोड द्यावी.