'इनटू द वाइल्ड' की 'नोमॅडलँड'?

अमेरिकन रोड मूव्हीतलं भटकेपण बघायला बसायचं म्हटलं की निवड बहुतेकदा या दोघांत होते: शॉन पेनचा 'इनटू द वाइल्ड' (२००७) आणि क्लोई झाओचा 'नोमॅडलँड' (२०२०). कथानकं ठाऊक असतीलच. पहिल्यात तरुण ख्रिस मॅककँडलेस साठवलेले चोवीस हजार डॉलर दान करून, खिशातल्या नोटा जाळून निघतो. दुसऱ्यात नायिका फर्नच्या एम्पायर गावातला जिप्समचा कारखाना बंद पडतो, गावाचा झिप कोड, म्हणजे पिन कोडसुद्धा रद्द होतो आणि ती व्हॅनमध्ये राहू लागते.

देखाव्यांत पहिला उजवा, यात वाद नाही. कोलोरॅडो नदी, वाळवंटातली भटक्यांची वस्ती स्लॅब सिटी, ख्रिस मुक्काम करतो ती अलास्कातली पडीक बस, सगळं डोळ्यांत मावत नाही. मला खुपलं ते वेगळंच. हा सिनेमा निसर्गाला दोन मिनिटं एकटं सोडत नाही. डोंगर दिसला की बहिणीचं निवेदन, ते थांबलं की गायक एडी वेडरचं गाणं, मध्येच पडद्यावर ख्रिसच्या हस्ताक्षरातल्या ओळी. गाणी सुरेख आहेत, प्रवासात मी ती ऐकतोही. पण ज्या शांततेपायी पोरगा जिवावर उदार झाला, ती आपल्या वाट्याला येतच नाही. दुसऱ्यांदा बघताना तर मी चिडलोच. अपवाद मूसच्या, म्हणजे तिथल्या महाकाय हरणाच्या शिकारीचा. मांस टिकवायची धडपड चालू असतानाच त्यात अळ्या पडतात आणि पुस्तकी ज्ञान तिथेच संपतं. इतका खरा प्रसंग 'नोमॅडलँड'मध्येही नाही.

पण 'नोमॅडलँड'ला गप्प बसता येतं. संगीतकार आयनाउदीचा पियानो काहींना गोडमिट्ट वाटेल, तरी तो काही समजावून सांगत नाही. इथे निसर्ग म्हणजे आधी हवामान: व्हॅनमधली गारठलेली रात्र, बसलेला टायर, शौचाला बादली. स्वँकी, लिंडा मे, बॉब वेल्स ही खरीच भटकी माणसं. स्वँकी पाकोळ्यांच्या घरट्यांबद्दल नुसतं बोलते, तेवढ्यानं माझं काम झालं. फर्न काम करते त्या ॲमेझॉनच्या गोदामातले कष्ट मात्र फार गुळगुळीत दाखवलेत, जेसिका ब्रूडरच्या मूळ पुस्तकात ते जास्त बोचतात.

विशीत असाल तर कदाचित पहिलाच भिडेल. तो अडीच तासांचा आहे, सुट्टीच्या दिवशी लावा. आज रात्री एकच बघायचा असेल तर मी 'नोमॅडलँड' म्हणेन, आणि हेडफोन लावून. लॅपटॉपच्या स्पीकरवर त्यातला वारा नुसती खरखर वाटतो.