पेडल असिस्ट की थ्रॉटल? कायदा काय म्हणतो बघा

दोन्ही ई-बाईकच, लांबून बघितल्या तर फरक कळणारही नाही, पण कायद्याला मात्र कळतो. पेडल असिस्ट म्हणजे तुम्ही पाय मारा मग मोटर हात लावणार, थ्रॉटल म्हणजे मूठ पिळली की झालं, पाय निवांत.

युरोपियन युनियनमधे सायकल म्हणून खपवायची तर मोटर 250 वॅटपर्यंत, मदत ताशी 25 किमीला बंद आणि पाय थांबले की मोटरही थांबली पाहिजे, त्यामुळे नुसत्या थ्रॉटलवर पळणारी गाडी या सवलतीत बसतच नाही. (हे 250 वॅट म्हणजे सतत देता येणारी पॉवर हं, चढावर क्षणभर जास्त निघते, यावरून लोक उगाच भांडतात.) ताशी 45 किमीपर्यंत मदत करणारी स्पीड पेडेलेक (म्हणजे जास्त वेगाची पेडल असिस्ट) तर थेट मोपेडच्या गटात.

अमेरिका थ्रॉटलच्या बाबतीत बरीच सैल. 2002 च्या कायद्यात 750 वॅटच्या आत आणि नुसत्या मोटरवर ताशी 20 मैलांच्या आत असेल तर ती सायकलच. पुढे बऱ्याच राज्यांनी तीन क्लास केले, थ्रॉटल क्लास 2 मधे. पण काही ट्रेल्सवर फक्त क्लास 1 ला, म्हणजे 20 मैलवाल्या पेडल असिस्टलाच सोडतात.

मला विचाराल तर पेडल असिस्टच घ्या, कटकट कमी. गुडघे दुखत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे थ्रॉटलला तोड नाही. फक्त चिप टाकून लिमिट काढायच्या भानगडीत पडू नका, मग ती कागदावर सायकल राहत नाही आणि अपघात झाला की विमावाले पहिलं तेच बघतात.